एअर रायफलचा वेग आणि ताकद कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर रायफलचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती एफपीएस?’, म्हणजे पेलेट (रायफलीतून सुटणारी छोटी गोळी) सेकंदाला किती फूट जाते. समोरचा एक आकडा सांगतो आणि तिसरा कुणीतरी त्याहून मोठा आकडा पुढे करतो. पेलेट कोणती होती, मोजलं कशाने आणि किती अंतरावर, हे सहसा कुणी विचारत नाही. खाली जे लिहिलं आहे ते ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलींना धरून आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तीच असते.

वेग आणि ताकद एकच नाही का?

नाही. वेग म्हणजे नळीच्या तोंडातून सुटताना पेलेट किती जोरात धावते ते. ताकद म्हणजे त्या पेलेटमध्ये असलेली ऊर्जा, आणि तीत वजनाचाही वाटा असतो. सूत्र शाळेतलंच आहे: वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. ०.५३ ग्रॅमची पेलेट सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटली तर ०.०००५३ × १७० × १७० ÷ २, म्हणजे सुमारे ७.७ जूल.

ग्रेन (पेलेटच्या वजनाचं इंग्रजी माप) आणि फुटांत हिशोब करायचा असेल तर पेलेटचे ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पाउंडात येतं, त्याला १.३५६ ने गुणलं की जूल. ८.२ ग्रेनची पेलेट ५६० फूट प्रतिसेकंद वेगाने गेली तर ५.७ फूट-पाउंड येतात, म्हणजे पुन्हा पावणेआठ जुलांच्या आसपासच.

या सूत्रातली एक गोष्ट मनात पक्की ठेवा. वेगाचा वर्ग होतो, म्हणून वेग मोजताना एक टक्क्याची चूक झाली की ऊर्जेत दोन टक्क्यांची होते. वजनातली चूक मात्र जशीच्या तशी उतरते.

खोक्यावर १००० एफपीएस लिहिलंय आणि माझी रायफल जेमतेम ७५० दाखवते. दुकानदाराने फसवलं का?

बहुधा नाही. खोक्यावरचा आकडा हलक्यात हलक्या पेलेटवर काढलेला असतो, अनेकदा शिसं नसलेल्या मिश्रधातूच्या. समजा पाच ग्रेनची पेलेट १००० फूट वेगाने गेली. ऊर्जा झाली ११.१ फूट-पाउंड. तेवढीच ऊर्जा ८.२ ग्रेनच्या शिशाच्या पेलेटला मिळाली तर वेग येईल ७८० फूट. रायफल तीच, ताकद तीच, आकडा मात्र सव्वादोनशेने खाली. त्यावर कोरडा वॉशर (हवा गळू न देणारी चकती) किंवा सैल बसणारी पेलेट असली की ७५० सहज होतात.

जाहिरातवाल्यांना हजाराचा आकडा का आवडतो ते उघड आहे. पण तुम्ही ती पाच ग्रेनची पेलेट रोज वापरणार नसाल तर त्या आकड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. उलट, स्प्रिंगच्या रायफलीत (जिच्यात स्प्रिंग पिस्टनला ढकलून हवा दाबते) फार हलकी पेलेट वापरली की पिस्टनला पुढे पुरेशी हवेची गादी मिळत नाही आणि तो जोरात आपटतो. स्प्रिंग आणि वॉशर दोघांचं आयुष्य त्यात जातं.

जास्त वेग म्हणजे जास्त अचूकता, असंच ना?

हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे.

ऑलिंपिकमधल्या १० मीटर एअर रायफलचं उदाहरण घ्या. तिथे वापरल्या जाणाऱ्या रायफलींचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे फूट, आणि ऊर्जा आठ जुलांच्या आतबाहेर. बाजारातली मध्यम किमतीची स्प्रिंग रायफल ताकदीत हिच्यापेक्षा सरस असू शकते. आणि या ‘कमजोर’ रायफलीने मारायचा असतो तो दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण केले आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला, ते याच वेगाच्या टप्प्यात.

तिथे कामाला येतो तो वेगातला सारखेपणा. दोन शॉटमध्ये चार मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तर दहा मीटरवर पेलेट पाऊण-एक मिलिमीटर वरखाली लागते. दशांश गुणांकनात पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो, म्हणजे तीन-चार दशांश नुसत्या रायफलीने खाल्ले. नेमबाजाने अजून काही चूक केलेलीच नाही.

दुसरं टोकही बघा. आवाजाचा वेग २० अंश तापमानाला सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद आहे. कमरेत बारीक असलेली डायबोलो पेलेट त्याच्या जवळ गेली की डळमळायला लागते आणि कागदावरचा शॉटांचा घोळका विस्कटतो. पेलेटचा वेग पावणेतीनशे मीटर प्रतिसेकंदाच्या खाली ठेवलेला बरा, असं माझं मत आहे.

भारतात परवान्याशिवाय किती ताकद चालते?

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ऊर्जा २० जूलपेक्षा (सुमारे १५ फूट-पाउंड) जास्त असेल किंवा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर एअर रायफललाही परवाना लागतो. त्याआधीच्या नियमांत लाकडी फळीवर पेलेट झाडून बघायची चाचणी होती. जूलमध्ये मर्यादा आल्यापासून वेग आणि वजन मोजणं हाच खरा मार्ग उरला.

२० जुलांची रेषा वेगात कुठे येते ते पेलेटवर अवलंबून आहे. ०.४५ ग्रॅमच्या पेलेटला ती २९८ मीटर प्रतिसेकंदावर येते, ०.५३ ला सुमारे २७५ वर आणि ०.६८ ग्रॅमच्या जड पेलेटला २४२ वर. म्हणून ‘माझी रायफल मर्यादेत आहे’ हे एकाच पेलेटवर मोजून म्हणता येत नाही. प्रीचार्ज रायफली (आधीच दाबाने भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या) सहसा जड पेलेटला जास्त ऊर्जा देतात, स्प्रिंगच्या रायफली हलक्या किंवा मध्यम पेलेटला. तुमच्या प्रकाराला जी पेलेट जास्त मानवते, तिच्यावर मोजा. आणि आकडा १९.६ वगैरे येत असेल तर निर्धास्त राहू नका. क्रोनोग्राफची (वेग मोजणाऱ्या यंत्राची) एक टक्का चूक तुम्हाला थेट रेषेपर्यंत नेते.

काही देशांत ही रेषा आणखी खाली आहे. ब्रिटनमध्ये रायफलसाठी १२ फूट-पाउंड, म्हणजे १६.३ जूल. जर्मनीत ७.५ जूल, आणि त्या मर्यादेतल्या हत्यारावर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर कोरलेलं असतं. परदेशातून जुनी रायफल आणलेल्या कुणाकडे हे चिन्ह दिसलं तर त्याचा अर्थ हा.

क्रोनोग्राफ नेमकं करतो काय? कोणता घ्यावा?

ठरावीक अंतर कापायला पेलेटला किती वेळ लागला ते तो मोजतो. सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार दोन प्रकाशसंवेदकांचा. त्यांच्यात फूटभर अंतर असतं, पेलेटची सावली एकावरून मग दुसऱ्यावरून जाते. १७० मीटर वेगाला तीस सेंटिमीटर कापायला पावणेदोन मिलिसेकंद लागतात, एवढ्यात सगळा हिशोब.

दुसरा प्रकार नळीच्या तोंडावर बसणारा. त्यात स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असतात, त्यामुळे बंद खोलीतही नीट चालतो. तिसरा डॉप्लर रडारचा. तो रायफलीच्या बाजूला ठेवायचा, नेम धरून मशीनच्या आरपार मारायची गरज नाही, म्हणून मशीनच फोडून ठेवण्याचा धोकाही नाही. किंमत मात्र बरीच जास्त.

एका रायफलीसाठी रडार घेणं मला उधळपट्टी वाटते. क्लबने मिळून एक घ्यावा.

माझा ऑप्टिकल (प्रकाशसंवेदकांचा) क्रोनोग्राफ घरात ‘एरर’ दाखवतो किंवा वाट्टेल ते आकडे देतो.

ट्यूबलाइट बंद करा. घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना कळत नाही पण संवेदकाला प्रत्येक लुकलुक म्हणजे सावली. स्वस्त एलईडी दिवेही हाच त्रास देतात. घरात मोजायचं तर त्या यंत्राचा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा वापरा.

बाहेर मोजताना उलट अडचण: भर दुपारचं ऊन पेलेटच्या चकचकीत पोटावरून परावर्तित होतं आणि सावली हरवते. संवेदकांच्या वरच्या पांढऱ्या पट्ट्या त्यासाठीच असतात, त्या काढून ठेवू नका. पेलेट काळ्या मार्करने रंगवण्याची युक्तीही चालते. सगळ्यांत उत्तम प्रकाश पावसाळ्यातल्या ढगाळ आभाळाचा, चारी बाजूंनी सारखा. फक्त यंत्र भिजवू नका.

पेलेट दोन्ही संवेदकांवरून एकाच उंचीने जायला हवी. थोडं तिरपं गेलं तर फार बिघडत नाही. तीन अंशांच्या तिरपेपणाने फरक पडतो तो एका टक्क्याच्या सातव्या हिश्शाएवढा. पण खूप वरून गेली तर संवेदकाला दिसतच नाही.

नळीपासून किती अंतरावर ठेवायचा?

अर्धा ते एक मीटर. अगदी तोंडाशी ठेवला तर प्रीचार्ज रायफलीतून पेलेटच्या आगेमागे निघणारा हवेचा झोत संवेदकाला फसवू शकतो. लांब ठेवला तर पेलेट तोवर मंदावलेली असते. सपाट तोंडाची मॅच (स्पर्धेची) पेलेट मीटरमागे साधारण दीड-दोन मीटर प्रतिसेकंद गमावते, गोल डोक्याची एकच्या आसपास. अंतर कोणतंही ठेवा, दर वेळी तेच ठेवा आणि लिहून ठेवा.

किती शॉट मारले म्हणजे चाचणी झाली?

एका शॉटचा आकडा म्हणजे अफवा. पहिले दोन-तीन सोडून द्या, मग एकाच डब्यातल्या दहा पेलेट मारा. सगळे आकडे लिहा, आवडलेले नव्हे.

समजा हे आले: १६८, १७०, १७१, १६९, १७०, १७२, १६९, १७०, १६८, १७१. सरासरी १६९.८. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक ४. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला ऊर्जा ७.६४ जूल. मी यातला ४ हा आकडा आधी बघतो, सरासरी नंतर. फरक चार-पाचच्या आत असेल तर रायफल, पेलेट आणि हात तिघंही शहाण्यासारखे वागतायत. पंधरा-वीसचा फरक असेल तर काहीतरी गळतंय, झिजलंय किंवा जळतंय.

प्रमाण विचलन काढता येत असेल तर जरूर काढा, बरेच क्रोनोग्राफ ते आपणहून दाखवतात. पण दहा शॉटांवर त्याचा दुसऱ्या दशांशापर्यंत कीस काढण्यात अर्थ नाही.

पेलेटचं वजन डब्यावर लिहिलेलं धरावं का?

चांगल्या कंपनीची मॅच पेलेट असेल तर हो. ०.५३ लिहिलं असेल तर ती ०.५३ च्या अगदी जवळ असते. स्वस्त डब्यातल्या पेलेटवर मात्र विश्वास ठेवू नका. एकाच डब्यात दोन-तीन प्रकारची वजनं निघतात, काहींचा घागराच (मागचा पसरट भाग) वाकलेला असतो.

घरी मोजायचं तर मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, त्याच्या काट्यावर पन्नास पेलेट एकदम ठेवा आणि पन्नासने भागा. एकेक पेलेट मोजण्यापेक्षा हे सोपं आणि सरासरीला जास्त विश्वासाचं. सराफ हसेल, हसू दे.

वजनाइतकंच डोक्याचं मापही बघा. ४.४९ पासून ४.५२ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या मापांच्या पेलेट मिळतात. एकाच रायफलीत माप बदलल्यावर वेगही बदलतो, आणि कधी कधी घोळका लक्षात येण्याइतका घट्ट होतो.

क्रोनोग्राफ नाही. मोबाइलवर मोजता येईल का?

येतं, आणि बरंच चांगलं येतं. सुटल्याचा आवाज आणि लागल्याचा आवाज यांच्यातला वेळ मोजायचा.

नळीच्या तोंडापासून लक्ष्यापर्यंत टेपने बरोबर दहा मीटर मोजा. लक्ष्य म्हणून पेलेट अडवणाऱ्या खोक्याच्या तोंडावर पातळ प्लायवुड लावा, लागल्याचा ‘टक्’ स्पष्ट येतो. उघडा लोखंडी पत्रा सरळ समोर ठेवू नका, पेलेट उलटून येते. आता फोन ठेवायचा तो बरोबर मधोमध, पाच मीटरवर, पेलेटच्या वाटेपासून हातभर बाजूला. फोन रायफलीपाशी ठेवला तर लागल्याच्या आवाजाला परत यायला लागणारा वेळ वजा करावा लागतो, आणि त्यासाठी त्या दिवशीच्या तापमानाला आवाजाचा वेग किती ते बघा. मधोमध ठेवला की दोन्ही आवाजांना सारखाच वेळ लागतो आणि ती भानगड आपोआप मिटते.

ध्वनिमुद्रण संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि दोन टोकांमधला वेळ वाचा. समजा ०.०६२५ सेकंद आला. दहाला त्याने भागलं की १६० मीटर प्रतिसेकंद. पण हा दहा मीटरांवरचा सरासरी वेग आहे, तोंडाशी असलेला नव्हे. सपाट मॅच पेलेट असेल तर तोंडाशी वेग याहून साधारण दहाने जास्त, म्हणजे १७० च्या आसपास असणार.

चूक कुठे होते? वेळ मोजण्यात फार नाही. साधं ध्वनिमुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुने घेतं. चूक होते ती आवाज नेमका कुठून सुरू झाला ते ठरवण्यात. स्प्रिंगच्या रायफलीत पेलेट सुटण्याआधी ट्रिगर आणि पिस्टनची खडखड येते, आलेखात ती आधीच उठलेली दिसते. एका मिलिसेकंदाची गफलत म्हणजे दीड टक्का. सगळ्या शॉटमध्ये एकाच खुणेपासून मोजलंत तर निदान तुलना तरी खरी राहते, आणि बऱ्याचदा आपल्याला तुलनाच हवी असते: महिन्यापूर्वीपेक्षा आज वेग पडलाय का?

लंबकाने मोजता येतं म्हणतात, ते खरं?

खरं, आणि हा उपाय पावणेतीनशेहून जास्त वर्षं जुना आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याआधी गोळीचा वेग कुणाला धड मोजताच येत नव्हता.

घरचं रूप असं. अर्धा किलोचा ठोकळा घ्या, समोरच्या बाजूला मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा जाड थर, म्हणजे पेलेट आत रुतून राहते. उसळली तर हिशोब चुकतो. ठोकळा चार दोऱ्यांनी टांगा, म्हणजे तो गोल फिरणार नाही. टांगल्यापासून ठोकळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर. मागे एक हलका कागदी सरकता दर्शक ठेवा, ठोकळा त्याला जितका ढकलेल तितकं अंतर मोजा. ०.५३ ग्रॅमची पेलेट १७० मीटर वेगाने लागली तर ठोकळा साधारण पावणेसहा सेंटिमीटर मागे जातो. उंची मोजायला जाऊ नका, ती दीड मिलिमीटरच्या आसपास असते, नुसत्या डोळ्याने काही कळत नाही.

हिशोब: ठोकळा आणि पेलेट यांचं एकत्र वजन भागिले पेलेटचं वजन, गुणिले मागे सरकलेलं अंतर मीटरमध्ये, गुणिले ९.८१ भागिले दोऱ्याची लांबी याचं वर्गमूळ. एक मीटर दोऱ्याला ते वर्गमूळ ३.१३ येतं. म्हणजे ९४४ × ०.०५७५ × ३.१३, उत्तर १७०.

एक मिलिमीटर चुकीचा वाचला तर तीन मीटर प्रतिसेकंदाची चूक होते. त्यामुळे शॉटाशॉटातला बारीक फरक यात दिसत नाही. पण अकरावीतल्या मुलाला संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

साबणाची वडी, पत्र्याचा डबा, लाकडाची फळी यात पेलेट किती घुसते त्यावरून?

यावरून ताकद कळत नाही. साबण ओला-कोरडा असतो, डब्याचा पत्रा कंपनीगणिक बदलतो, फळीत गाठ लागली की संपलं. टोकदार पेलेट सपाटपेक्षा जास्त घुसते, तिची ऊर्जा कमी असली तरी. गंमत म्हणून करा, त्यावर पैज लावू नका.

नवी रायफल पहिल्या शॉटांना धूर सोडते, जळकट वास येतो आणि वेग भलताच येतो.

कारखान्यातून लागून आलेलं तेल पिस्टनच्या पुढे साचलेलं असतं. दाबाने हवा तापते आणि ते तेल डिझेल इंजिनात पेटतं तसं पेटतं, म्हणून याला डिझेलिंग म्हणतात. ऊर्जा त्या जळण्यातून येते, म्हणून आकडा फुगलेला. आवाजही फटाक्यासारखा कडक येतो. शंभरेक पेलेट मारल्यावर हे सहसा शमतं, त्याआधीची चाचणी धरू नका.

वेग वाढतोय म्हणून मुद्दाम शिलाई मशीनचं तेल आत सोडणारे लोक आहेत. वॉशर जळतो, स्प्रिंग तुटते, आणि स्फोट मोठा झाला तर नळीही धोक्यात. पिस्टनपुढच्या भागात रायफलच्या माहितीपत्रकात सांगितलेलंच तेल, तेही थेंबभर.

जुन्या रायफलीचा वेग पडलाय. काय तपासू?

आधी पेलेट बदलून बघा, आश्चर्य वाटेल इतक्या वेळा दोष तिथेच निघतो.

मग नळी सांध्यात वाकवून भरायची रायफल असेल तर सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा आणि मारा. कागद उडाला तर सांध्यातला वॉशर गेलाय. हा वॉशर स्वस्त असतो आणि बदलणं दहा मिनिटांचं काम. कागद हलला नाही आणि वेग तरीही कमी, तर संशय पिस्टनच्या वॉशरवर. चामड्याचा असेल तर तो कोरडा पडून आक्रसतो, योग्य तेलाचे दोन-चार थेंब देऊन रायफल रात्रभर तोंड वर करून ठेवली की बऱ्याचदा सुधारतो. पुढच्या काही शॉटना थोडा धूर येईल, ते आकडे सोडा.

शेवटी स्प्रिंग. रायफल ताणून तासन्‌तास ठेवायची सवय असेल तर स्प्रिंग बसते, आणि मग वेग हळूहळू, समान फरकाने उतरत जातो. वॉशर फाटल्यावर उतरतो तसा अचानक नाही. पेलेट न घालता चाप ओढण्याचा खेळ घरातल्या मुलांना करू देऊ नका, त्याने पिस्टन थेट धातूवर आपटतो. स्प्रिंग बदलायला रायफल उघडायची तर कारागीराकडेच द्या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडू शकते.

प्रीचार्ज रायफलची चाचणी वेगळी असते का?

हो, इथे दहा शॉट पुरत नाहीत. माहितीपत्रकातल्या दाबापर्यंत, मॅच रायफलला बहुधा २०० बार, हवा भरा आणि ती काम करायची थांबेपर्यंत मारत जा. प्रत्येक शॉटाचा वेग आणि दर दहा शॉटांनी दाब लिहा. रेग्युलेटर (दर शॉटला सारखाच दाब देणारा भाग) असेल तर आलेखात लांब सपाट पट्टा दिसतो आणि मग एकदम उतार. नसेल तर बहुधा टेकडी दिसते: सुरुवातीला दाब इतका जास्त की झडप पुरती उघडत नाही, म्हणून वेग कमी, मधे चढतो, शेवटी उतरतो. त्या टेकडीचा माथा कोणत्या दाबांमध्ये येतो तेवढंच शोधायचं, आणि पुढे त्याच पट्ट्यात भरायचं. पूर्ण दाबाला भरण्याचा हट्ट सोडा.

रेग्युलेटर असून पहिला शॉट इतरांपेक्षा ठळक वेगवान येत असेल, विशेषतः रायफल रात्रभर पडून राहिल्यावर, तर रेग्युलेटर हळूहळू गळतोय.

हवामानाने फरक पडतो?

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्यांना खूप. १० अंशांना त्या वायूचा दाब सुमारे ४५ बार असतो, २० ला ५७. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे मोजलेला आणि नागपूरच्या मे महिन्यात मोजलेला आकडा शेजारी ठेवूच नका. लागोपाठ भराभर शॉट मारले तरी सिलिंडर गार होऊन वेग घसरतो, म्हणून मधे अर्धा-एक मिनिट थांबा.

स्प्रिंगच्या रायफलीत थंडीने ग्रीस घट्ट होतं, थोडा फरक पडतो. प्रीचार्जमध्ये रेग्युलेटर असेल तर फारसा नाही. तापमान वहीत लिहायची सवय ठेवा, बस.

ताकद वाढवून घ्यावी का?

नको. जड स्प्रिंग टाकली की हिसका वाढतो, दुर्बिणीच्या काचा हलतात, घोळका पसरतो, आणि २० जुलांची रेषा ओलांडली तर परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्याचं प्रकरण अंगाशी येतं. त्याच पैशांत चांगल्या पेलेटचे तीन-चार वेगवेगळे डबे घेऊन रायफलला कोणती मानवते ते शोधा.

चाचणी घेताना काळजी कोणती?

पेलेट अडवणारा खोका आधी, क्रोनोग्राफ नंतर. मजबूत लाकडी खोक्यात जुन्या चादरी किंवा घट्ट बांधलेली रद्दी आणि मागे लोखंडी पत्रा. गच्चीवर मोकळ्या आभाळाकडे तोंड करून मोजणी करू नका, चुकलेली पेलेट काही शे मीटर जाते. डोळ्यांना चष्मा, मोजणाऱ्यालाही. क्रोनोग्राफला हात लावायचा तर रायफल आधी रिकामी आणि तोंड खाली. पेलेट शिशाच्या असतात, म्हणून खाण्याआधी हात साबणाने धुवा, मुलांचे तर नक्कीच.

आणि ‘ताकद बघायला’ पक्ष्यांवर नेम धरणाऱ्यांसाठी: वन्य पक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

जुनी रायफल विकत घेतोय. सौदा ठरवण्याआधी काय मोजू?

बिल आहे का ते आधी विचारा, आणि बोअर ४.५ आहे ना ते बघा. मग स्वतःच्या ओळखीची पेलेट घेऊन जा, विकणाऱ्याने पुढे केलेली नको. दहा शॉटांची मालिका मारा. सरासरी थोडी कमी आणि फरक लहान असेल तर रायफल निरोगी आहे, फार तर स्प्रिंग थकलेली. सरासरी भरपूर आणि फरक मोठा असेल, वर जळका वास येत असेल, तर कुणीतरी सकाळीच आत तेल सोडलंय असं समजा. विकणारा क्रोनोग्राफ लावू देत नसेल तर फोन मधोमध ठेवून आवाजावरून मोजा. तेही करू देत नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.